जास्तीची सवा मूठ

“बेन, रविवारे तमे अमारे घेर जमवा आवशो?”

विचारलं! एका दमात विचारलं, आणि तेही स्टाफरूमच्या दारात उभं राहून, जिथून जाताना दहावीची पोरंसुद्धा बूट वाजवत नाहीत. मागे खांबाआड तेजस्विनी आणि अनुजा तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती.

“वक्तृत्वात पहिली आलीस म्हणून एवढी उडतेस ना?” तेजस्विनी म्हणाली होती. “मग नीलाक्षीबेनना घरी जेवायला बोलावून दाखव. हो म्हणाल्या तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू.”

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“तर तू आमचं. दोन्ही खांद्यांवर.”

नीलाक्षीबेन आमच्या मराठी शाळेत गुजराती शिकवायला जूनमध्येच आल्या होत्या. कडक इस्त्रीच्या सुती साड्या, बोटाला खडू लागला तरी साडीला कधी नाही. पण मला त्या आवडायच्या ते वेगळ्याच कारणाने. नववीपर्यंत मी मागच्या बाकावर बसून मान खाली घालणारी मुलगी होते. बेननी पहिल्याच आठवड्यात माझा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, “उज्ज्वला कोण छे? ऊभी था.” मी उभी राहिले ती राहिलेच. त्यानंतर वक्तृत्वात नाव दिलं, पहिली आले, आणि आता कुणाला काहीही विचारायची माझी तयारी होती.

बेननी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग खांबाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“आवीश,” त्या म्हणाल्या. “चोक्कस आवीश.” नक्की येईन.

मराठीत चौकस माणूस दहा प्रश्न विचारतो. गुजरातीत चोक्कस म्हणणारा एकही विचारत नाही. बेननी फक्त पत्ता लिहून घेतला.

रविवारच का, तर त्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसणार होती. कानबाई आमच्या खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला घरात बसवतात. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, की देवी तयार. त्या दिवशीच्या स्वयंपाकाला आम्ही रोट म्हणतो. पुरणपोळ्या, खीर, आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. आजवर कानबाई गावी बसायची, आबांचे चुलतभाऊ सुकलालबाबा यांच्याकडे. मी तिला दोनदाच पाहिलं होतं, तेही अगदी लहानपणी. आता ती पहिल्यांदाच सुरतेला, आमच्या उधन्याच्या दोन खोल्यांत येणार होती. आबांचा नवस होता.

नवसाचं आधी सांगून टाकते. मागच्या वर्षी गणपती बुडवले आणि सुरतेत प्लेग आला. अर्धं गाव तोंडाला फडकी बांधून स्टेशनकडे धावलं. आबा पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात आहेत, तो बंद झाला. त्यांचा धाकटा सख्खा भाऊ, भाईदासकाका, हजिऱ्याला कारखान्यात. काकाने निरोप पाठवला, ‘माझी पाळी दोनला सुटते. कमलला आणि बाळाला घेऊन उधना स्टेशनला येतो. थांबा, एकाच गाडीने गावी जाऊ.’ आम्ही थांबलो. एक गाडी सोडली. दुसरी आली तेव्हा कुणीतरी ओरडलं की यापुढे गाडी नाही, आणि आबांनी मला खिडकीतून आत ढकललं, मायला दारातून ओढलं. गाडी सुटली. आम्ही गेल्यावर पाऊण तासाने काका बायकापोराला घेऊन स्टेशनवर पोचला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोन दिवस ते तिघं फलाटावर होते.

कुणालाच काही झालं नाही. त्या गाडीतच आबांनी हात जोडून नवस बोलला होता की सगळे वाचले तर कानबाई सुरतेला बसवीन. सगळे वाचले. पण काका त्यानंतर आमच्याशी बोलला नाही. दिवाळीला आबा फराळाचा डबा घेऊन हजिऱ्याला गेले, तर कमलकाकू दाराआडून म्हणाली, “त्या घरमा नहीत.” काकाच्या चपला बाहेरच होत्या.

आमच्या घरात माय आणि आबा अहिराणी बोलतात, मी शाळेची मराठी बोलते, आणि भांडण झालं की तिघंही अहिराणी. त्या बुधवारी माय भाकरी थापत होती, तिच्यामागे जाऊन मी गळ्यात हात टाकले.

“माय, रविवारी एक माणूस जेवायला वाढलं तर?”

“कोन?”

“आपलंच माणूस आहे.”

“नाव सांग ना वं.”

“नाही सांगणार. रविवारीच बघा. पण तुम्ही दोघं इतके खूश व्हाल ना, की बघच!”

मायचा हात परातीत थांबला. “आपलंच?” तिने विचारलं.

“अगदी आपलंच.”

भाकरी तव्यावर टाकायची सोडून ती ओल्या हातांनी बाहेर गेली. आबा ओट्यावर दाढी करत होते. ती काहीतरी हळू बोलली आणि आबांनी अर्ध्या साबणाच्या तोंडाने आत, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, किती सहज झालं! उगाच घाबरत होते मी.

आपलंच का म्हटलं? खरंच वाटत होतं तसं. ज्या बाईने मला बाकावरून उभं केलं ती आपली नाही तर कोण?

शुक्रवारी संध्याकाळी रोटाचे गहू काढले. आमच्या घराण्यात हे गहू वजनाने घेत नाहीत, मुठीने घेतात. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सवा मूठ गहू सुपात टाकायचे. एक भरलेली मूठ आणि वर चिमूटभर.

“आणि माझी मूठ?” मी विचारलं.

“तू आबानी मूठमा,” माय म्हणाली.

“हे बरंय! खाणार मी आणि मूठ आबांची!”

“लगीन व्हयनं का नवरानी मूठमा जाशी,” आबा हसून म्हणाले. फार दिवसांनी हसले होते, म्हणून मी वाद घातला नाही.

आबा नावं पुटपुटत होते आणि मी मोजत होते. सुकलालबाबा, त्यांचे दोन मुलगे, नातू, गोपालदादा, आबा स्वतः... नऊ झाले. बोलणं असलेले आमचे भाऊबंद आता नऊच. पण आबांचा हात पुन्हा पोत्यात गेला. दहाव्यांदा मूठ भरली, इतकी गच्च की बोटांमधून दाणे सांडले. ओठ हलले, नाव ऐकू आलं नाही. मग सावकाश, चिमूटभर वर.

मला कळलं! म्हणजे मला वाटलं, कळलं. माझ्या पाहुण्यासाठी घेतली! कोण आहे हे न विचारता! मी मनातल्या मनात आबांना शंभरपैकी शंभर मार्क दिले. शनिवारी शाळेत तर मी हवेतच होते. तेजस्विनी माझं दप्तर उचलून पुढे चालली होती आणि मी मागून सांगत होते, “आमच्याकडे बेनच्या नावाने वेगळे गहू काढलेत, माहितीये?”

रविवारी पहाटेपासून घर भरलं. गावाहून सुकलालबाबा आणि मंडळी आली. कोपऱ्यात साडीचं मखर करून कानबाई बसली, मोठ्या डोळ्यांची, नाकापेक्षा नथ मोठी. पुरणाचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दहा वाजल्यापासून ते चार वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आले.

“कथाईन येई?” कुठून येणार, त्यांनी मला विचारलं. “बसवरथून का रिक्षामा?”

“रिक्षाने येईल, आबा. तुम्ही आत बसा ना.”

“नही. मी आठेच, बाहेरच बरा शे.”

एका शिक्षिकेसाठी आबा एवढे उभे राहिलेत!

साडेबाराला रिक्षा आली. मी धावले. आबा माझ्या आधी पोचले होते. रिक्षातून नीलाक्षीबेन उतरल्या, मोरपंखी साडी, हातात नानखटाईचा खोका. आबा एका बाजूला सरकले आणि वाकून रिक्षाच्या आत बघू लागले. बेननी भाडं दिलं. रिक्षावाल्याने रिक्षा वळवली. ती पार कोपऱ्यावर जाईपर्यंत आबा तिच्या मागच्या पडद्याकडे बघत होते.

“आबा, या माझ्या बेन. नीलाक्षीबेन. सांगितलं होतं ना, आपलं माणूस!”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग हात जोडले. “आवो बेन, आवो,” ते म्हणाले. आवाज नीट निघालाच नाही. मला वाटलं, लाजले.

दारात माय उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा, डोक्यावरून पदर. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात तो तुकडा. तिने बेनकडे बघितलं, आणि मग बेनच्या मागे, गल्लीत.

“आन काका?” तिने मला विचारलं.

“कोण काका?”

मायने तांब्या खाली ठेवला. ठेवताना पाणी सांडलं. आणि मला, वक्तृत्वात पहिली आलेल्या मला, भर दुपारी दारात उभी असताना सगळं एकदम समजलं. सुपातली दहावी मूठ. आबांचा शर्ट. पुटपुटलेलं नाव.

कारण त्यांना तसं वाटावं असं मीच केलं होतं. जूनमध्ये एकदा शाळा सुटताना भाईदासकाका मला बसस्टॉपवर दिसला होता. मी हात हलवला. त्याने पाहिलं, आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. घरी आल्यावर आबांनी विचारलं, काय नवीन, तर माझ्या तोंडून निघून गेलं, “काका दिसला. त्याने हात केला मला.” आबा त्या रात्री एक भाकरी जास्त जेवले. एवढंसं खोटं! मी तर विसरूनही गेले होते.

आत सुकलालबाबा विचारत होते, “या बाई कोन शेतस?”

“उज्जूनी मास्तरीन,” माय म्हणाली.

“जेवाले बलायेल शेतस?” बाबा चांगले माणूस आहेत, पण त्यांचं हळू बोलणंसुद्धा तीन घरं ऐकतात. ते आबांकडे वळले. “अरे सुकदेव, पोरले काही सांगं नही का? बाहेरना मानूसले रोट देतस नही! भाऊबंदसनीच खावाना रहातस!”

मला खरंच माहीत नव्हतं. गावी मी लहान होते, ताटात पडलं ते खात होते, कोण बाहेरचा आणि कोण आतला हे कुणी बघितलं होतं! मी मायकडे बघितलं. रोटाशिवाय घरात दुसरं काही शिजवलंच नव्हतं. दहा मुठींचं जेवण चुलीपाशी झाकून ठेवलेलं, आणि मी बोलावलेल्या पाहुण्याला त्यातला घास चालत नव्हता.

बेन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. “सुगंध तो बहु सरस आवे छे,” त्या म्हणाल्या.

मला भरसभेत पाच मिनिटं न अडखळता बोलता येतं. तेव्हा एक वाक्य बोलता येईना. “बेन,” मी म्हटलं, “ते... देवीचं आहे. ते फक्त घरच्यांनाच... मला माहीत नव्हतं.” गुजरातीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं, आणि कानाच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत नुसती आग.

बेननी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि त्या हसल्या. “निवेद छे?” त्यांनी विचारलं. “अरे, अमारे त्यां पण एवुं ज. कुळदेवीनुं निवेद बहारनाने न अपाय.” म्हणजे त्यांच्याकडेही कुळदेवीचा नैवेद्य बाहेरच्याला देत नाहीत. “तुं शुं काम रडे छे?”

मी रडत नव्हते. म्हणजे तोपर्यंत नव्हते.

आबा चपला घालून गेले होते ते हरभऱ्याच्या डाळीचा, मऊ ढोकळ्यासारखा लोचो घेऊन आले. कागदात बांधलेला गरम लोचो, वर शेव, कांदा वेगळा. मी तो स्टीलच्या ताटलीत वाढला. आत लोकांच्या ताटांत पुरणपोळीवर तूप पडत होतं, आणि बाहेर माझ्या बेन, ज्यांच्यासाठी मी शाळाभर मिरवले होते, बाजारचा लोचो खात होत्या. त्यांनी सगळा संपवला. शेवेचा शेवटचा कण बोटाने टिपला. ते बघवत नव्हतं. टाकला असता तर बरं वाटलं असतं.

निघताना त्या दारात थांबल्या. आबा पुन्हा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे होते.

“तारा पप्पा कोनी राह जुए छे?” बेननी विचारलं. कुणाची वाट बघतायत?

“काकाची,” मी म्हटलं.

बेननी माझ्या गालाला हात लावला. “तें बोलाव्युं ए ज घणुं,” म्हणाल्या, तू बोलावलंस तेच पुष्कळ, आणि गेल्या.

मग आबांची पंगत बसली. त्यांच्या शेजारी एक पाट मांडलेला होता, समोर ताट, ताटात काही नाही.

“हाऊ पाट कोना शे?” कुणीतरी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या,” आबा म्हणाले.

सुकलालबाबांना तोपर्यंत सगळं कळलं होतं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “काय रे सुकदेव! भाऊ येस म्हने, आन मास्तरीन उनी!”

पंगत हसली. चिडवण्यात वाईट काही नव्हतं, आमच्यात असंच चिडवतात. आबाही हसले. हसता हसता पाणी प्यायले, आणि पाणी प्यायल्यावर एक घासही त्यांनी उचलला नाही. पोळीच्या कडेला तूप गोठलं. मी वाढायला उभी होते, हातात खिरीचं पातेलं. मला वाटलं, मी ते पातेलं तिथेच ठेवावं आणि कुठेतरी जावं. पण दोन खोल्यांच्या घरात जाणार कुठे? दुसऱ्या खोलीत कानबाई बसली होती.

संध्याकाळी मंडळी शेजारच्या गल्लीत आणखी एकांची कानबाई बघायला गेली. घरात आम्ही तिघंच उरलो. माय उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधत होती. रोट फेकत नाहीत, पुनवेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचे असतात. पुनव गुरुवारी होती. आबा भिंतीला टेकून बसले होते, अजून तोच पांढरा शर्ट.

मला वाटत होतं, माय रागावेल. रागावली असती तर मीही अहिराणीत चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. ती एवढंच म्हणाली, “तू म्हनी ना वं, आपलंच मानूस.”

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “पोरनी काय चूक शे? त्यानी तिले हात करा व्हता, माले वाटनं, तिले भेटना व्हई, सांगं व्हई काही. मीच मनमा धरी बसनू.”

मी भांडी विसळत होते. हात थांबले.

“नव्हता केला,” मी म्हटलं.

“काय?”

“हात. त्याने नव्हता केला. मी केला होता. त्याने मला बघितलं आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. मी खोटं सांगितलं, आबा. तुम्ही खूश व्हाल म्हणून.”

बाहेर कुणाच्या तरी कानबाईची गाणी चालू होती, ढोल वाजत होता. मायने फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मला वाटलं, आबा आता मला मारतील. त्यांनी कधी मारलं नाही, पण त्या दिवशी मारलं असतं तर मी मान पुढे केली असती.

आबांनी विचारलं, “बारीक व्हयेल दिसे का तो?”

बस, एवढंच. तो बोलला का नाही, तोंड का फिरवलं, काही नाही. बारीक झालाय का.

“हो,” मी म्हटलं. “थोडा.”

आबांनी मान हलवली आणि ते शर्टाची बटणं काढू लागले. वरचं एक निघालं, दुसऱ्याशी बोटं नुसतीच चाळवत राहिली. मला ते बघवलं नाही. मी हात पुसले, दोघांच्या समोर येऊन उभी राहिले, आणि पाठ केलेलं काही नसताना बोलले.

“माय, आबा, ऐका. मी उद्या शाळेत जाणार नाही. सकाळी देवीचं विसर्जन झालं की मी हजिऱ्याची बस धरणार. नको म्हणू नका, मी विचारत नाहीये, सांगतेय. काकाने दार उघडलं नाही तर बाहेर बसेन. उद्या नाही उघडलं तर परवा जाईन. त्याला मी आधी हे सांगणार की माझ्या खोट्यामुळे तुम्ही आज दिवसभर त्याची वाट बघितलीत. जेवायला ये म्हणायचं ते नंतर. पण तो एक गोष्ट विचारणारच, आणि माझ्याजवळ तिचं उत्तर नाहीये, म्हणून आबा, शर्ट नंतर बदला, आधी इथे बसा आणि मला खरं सांगा. त्या दिवशी उधना स्टेशनवर कुणीतरी ओरडलं तेवढ्यावर आपण गाडी का धरली, तो येईपर्यंत का थांबलो नाही? जे सांगाल तेच मी जाऊन त्याला सांगणार आहे.”